अनिर्णयाचे स्थानक

रेल्वेच्या व्यवहारात 'जंक्शन' ही पदवी स्थानकाला त्याच्या आकारावरून मिळत नाही. भुसावळ हे जंक्शन आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातले छोटेसे जलंब हेही जंक्शनच आहे. दोहोंना ही पदवी एकाच कारणाने लाभली आहे: तेथे एका वाटेला दुसरी वाट येऊन मिळते. ग्रामीण मुलखातील लहान जंक्शनाचे स्वरूप त्यामुळे काहीसे विलक्षण असते. तेथे उतरणाऱ्या बहुतेकांना त्या गावात काम नसते; त्यांना पुढे जायचे असते. अशा स्थानकाचे सारे महत्त्व इतर ठिकाणांनी त्याला दिलेले असते. म्हणूनच दोहोंपैकी एक वाट थांबली की त्या स्थानकाच्या इमारतीला, फलाटाला, नावाच्या पाटीला धक्का न लागताही त्याचे काहीतरी मूलभूत हरवते. ते काय हरवते, आणि ज्यांचे ते हरवते त्यांचे कोणी काही देणे लागतो की काय, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटला तरी मुळात तो नीतीचा प्रश्न आहे.

विदर्भातील मूर्तिजापूर हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर, अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान, अकोला जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव वसले आहे. येथून अडीच फूट रुंदीच्या रुळांचे दोन फाटे निघतात. एक उत्तरेकडे दर्यापूर-अंजनगावच्या बाजूने सुमारे ७७ किलोमीटरवरच्या अचलपूरला जातो. दुसरा आग्नेयेकडे कारंजा, दारव्हा या गावांवरून सुमारे ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला पोहोचतो. या फाट्यांवर धावणाऱ्या गाडीला लोक 'शकुंतला' म्हणत आले. आज ती गाडी धावत नाही. मुख्य मार्गावरील गाड्या मात्र पूर्वीप्रमाणेच येतात आणि जातात. मूर्तिजापूर हे स्थानक म्हणून जिवंत आहे. जंक्शन म्हणून ते जिवंत आहे की नाही, याचे उत्तर स्पष्ट शब्दांत कोणी दिलेले नाही.

या वाटांचा उगम काही लोककल्याणात नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, त्यामागे वऱ्हाडच्या कापसाची ओढ होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला १८७० च्या सुमारास जे लहान फाटे काढण्यात आले, तेही या बाजारपेठांतील गाठी मुख्य मार्गावर आणण्यासाठीच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूरचे दोन्ही फाटे बांधले, त्यामागचा हेतूही तोच होता. अरुंद रूळ कमी खर्चात पडतात, वळणे सहज घेतात, आणि गाठी वाहून नेण्यास तेवढे पुरते. त्या हिशेबात प्रवासी हा आनुषंगिक होता.

परंतु एखादी गोष्ट ज्या हेतूने निर्माण होते त्याच हेतूने ती आयुष्यभर बांधलेली राहते, असे मानण्याचे कारण नाही. विहीर सावकाराने खोदली म्हणून तिचे पाणी सावकारीचे ठरत नाही. कापसासाठी काढलेल्या या वाटेवरून हळूहळू माणसे जाऊ लागली: आठवड्याच्या बाजाराला भाजीची टोपली घेऊन निघालेली बाई, तालुक्याच्या शाळेत शिकणारा मुलगा, कोर्टाच्या तारखेला जाणारा शेतकरी, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्याला निघालेले भाविक. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य' लिहिताना रेल्वेवर कठोर टीका केली. पुढे १९१७ मध्ये त्यांनीच तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांविषयी तळमळीने लिहिले. या दोन भूमिकांत विसंगती आहे असे काहींना वाटते. वस्तुतः त्यांत एक क्रम आहे. एखादे साधन कोणी आणि का आणले याची चिकित्सा करणे हे एक कर्तव्य. ते साधन लोकांच्या जगण्यात मिसळून गेल्यावर त्या लोकांच्या प्रतिष्ठेची काळजी वाहणे हे त्याच्या पुढचे कर्तव्य. पहिले पार पाडल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही.

स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक रेल्वेमार्ग शासनाच्या मालकीचे झाले. पंढरीच्या वाटेवरची बार्शी लाइट रेल्वेही १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. मूर्तिजापूरच्या फाट्यांच्या बाबतीत मात्र मालकी कंपनीकडे आणि गाड्या चालविण्याचे काम रेल्वेकडे, अशी जुन्या करारातून आलेली व्यवस्था दीर्घकाळ टिकून राहिली. या व्यवस्थेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात बहुधा स्वाभिमानाचा सूर लागलेला असतो. तथापि तिचा अधिक खोल परिणाम वेगळाच होता. ज्या वस्तूचा मालक एक आणि वापर करणारा दुसरा, तिच्या डागडुजीची जबाबदारी दोघांच्याही हातून निसटते. भाडेकरूला वाटते की घर आपले नव्हे; मालकाला वाटते की राहतो तो पाहील. छत मात्र गळत राहते, आणि ओले होणारा तिसराच असतो. रूळ जुने झाले, पूल कमकुवत झाले, वेग उतरत उतरत ताशी वीस किलोमीटरच्या आसपास आला. १९९४ मध्ये मँचेस्टरच्या बाजूला बांधलेले वाफेचे जुने इंजिन निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. पण रूळ जुने ते जुनेच राहिले. मधल्या कित्येक थांब्यांवर तिकीटघर उरले नव्हते. गाडीचा गार्डच तिकिटे देई. २०१६ च्या सुमारास हा मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. त्याच सुमारास आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक करून या फाट्यांवरील गाड्या थांबत गेल्या. तेव्हापासून सर्वेक्षणे, निवेदने, मागण्या आणि आश्वासने यांची ये-जा चालू आहे, गाडीची नाही.

अशा वेळी पहिला युक्तिवाद पुढे येतो तो हिशेबाचा. तो हिणवण्यासारखा नाही. राष्ट्राची तिजोरी अमर्याद नसते. चार डब्यांची गाडी संथपणे हाकण्यासाठी जो पैसा खर्ची पडतो, त्यात कदाचित एखाद्या आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळू शकेल. रस्ता झाला आहे, एस.टी. आहे, खाजगी जीपगाड्या आहेत. एका दिवसाचे काम दोन तासांत होते. ज्या सेवेकडे लोकच पाठ फिरवतात ती चालू ठेवणे म्हणजे उरलेल्या थोड्या लोकांसाठी सर्वांवर कर बसविणे होय. हा युक्तिवाद करणारा मनुष्य निर्दय असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला दुसऱ्या कोणत्या तरी गरजवंताची आठवण असते.

परंतु हिशेब मांडताना काय मोजले आणि काय सोडून दिले, याला फार महत्त्व असते. ब्रिटनमध्ये १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला आणि त्याने दोन हजारांहून अधिक स्थानके व सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यावर पुढे जी टीका झाली तिचा एक मुद्दा असा, की फाट्याचे उत्पन्न फाट्यापुरते मोजले गेले. फाट्यावरून आलेला प्रवासी मुख्य मार्गावर शेकडो मैल जातो, त्याचे श्रेय मुख्य मार्गाच्या खात्यात पडते. फाटा आपला तोट्यातच दिसतो. ओढ्याचे पाणी नदीच्या नावावर मांडायचे आणि मग ओढा कोरडा आहे असे म्हणायचे, असा तो प्रकार होय. शिवाय गाडी जुनी, मंद आणि बेभरवशाची झाल्यामुळे जे प्रवासी दूर गेले, त्यांचे दूर जाणे हा 'मागणी नसल्याचा' पुरावा मानला जातो. ज्या उपेक्षेने रोग जडला तिच्याच साक्षीने रोग्याला असाध्य ठरविणे, हे न्यायाला धरून नाही.

आणि जे उरतात ते कोण असतात? ज्यांना दुसरा पर्याय परवडतो ते आधीच निघून गेलेले असतात. शेवटपर्यंत या गाडीत बसत राहिले ते प्रामुख्याने असे लोक, ज्यांच्याजवळ पैशापेक्षा वेळ अधिक होता. आणि ज्याच्याजवळ वेळ अधिक असतो तो बहुधा दरिद्री असतो. भाड्यातला जो फरक हिशेबनीसाला क्षुल्लक वाटतो, तो मजुरीवर जगणाऱ्या घरात संध्याकाळच्या तेलमिठाचा प्रश्न असतो. प्रवाशांची संख्या घटत जाते तसतशी उरलेल्या प्रत्येकाची गरज अधिकाधिक निकडीची असते, हे सत्य कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. तक्त्यात माणसे उतरतात. त्यांची निकड उतरत नाही. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ नंतर, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसविण्याचे काम सुरू झाले. नफ्यातोट्याच्या निकषावर त्याचे समर्थन करणे सोपे नव्हते. फळीवर बसणाऱ्यालाही पाठ असते, एवढीच त्यामागची जाणीव होती.

हिशेबाच्या विरुद्ध बाजूला दुसरा युक्तिवाद उभा असतो, स्मृतीचा. छोटी गाडी, तिची शिटी, कपाशीच्या शेतांमधून जाणारी वळणे, फलाटावरचा कडुनिंब. या सगळ्याविषयी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. पण या जिव्हाळ्याचीही एक परीक्षा घ्यावी लागते. गाडीचे छायाचित्र घेण्यासाठी दूरच्या शहरातून येणारा रसिक आणि त्याच गाडीत पिशवी सांभाळत उभी असलेली शेतमजूर स्त्री यांचे त्या गाडीशी असलेले नाते एक नव्हे. रसिकाला गाडी जशी आहे तशीच राहायला हवी असते. त्या स्त्रीला ती वेळेवर यायला हवी असते. एकाला जे प्राचीनतेचे सौंदर्य वाटते ते दुसरीच्या दिवसातून कितीतरी तास हिरावून घेते. दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपली हळहळ जोपासणे ही सूक्ष्म स्वरूपाची आत्मलुब्धता आहे. म्हणून 'शकुंतला जतन करा' आणि 'शकुंतला चालू करा' या दोन मागण्या एकाच सभेत, एकाच आवाजात उठल्या तरी त्यांचे आशय वेगळे असतात. पहिली भूतकाळाविषयी आहे. दुसरी उद्याच्या बाजाराविषयी आहे.

हिशेब आणि स्मृती यांच्या पलीकडे एक तिसरा विचार आहे, आणि या प्रश्नाचे खरे मर्म त्यात असावे. तो विचार वचनाचा. रूळ टाकून वेळापत्रक लावणे म्हणजे लेखी करार नव्हे, हे खरे. तरीसुद्धा एखादी सार्वजनिक संस्था पिढ्यान्पिढ्या चालू राहिली की लोक तिच्या भरवशावर आपले जीवन रचतात. मुलीचे स्थळ पाहताना गाडीच्या गावाचा विचार होतो. दुकान कोठे थाटावे, बाजार कोणत्या वारी भरावा, हे ठरताना तिची वेळ लक्षात घेतली जाते. अशा रीतीने न बोललेले एक वचन तयार होते. हे वचन सर्वकाळ पाळलेच पाहिजे असे म्हणता येणार नाही. काळ बदलतो, साधने बदलतात, आणि प्रत्येक जुनी गोष्ट कायम ठेवणे हाही भविष्यावर केलेला अन्यायच ठरेल. परंतु वचन मोडणे आणि वचन दिल्याचेच विसरून जाणे यांत नैतिकदृष्ट्या महदंतर आहे. मोडणाऱ्याला निदान समोर येऊन सांगावे लागते, कारण द्यावे लागते, समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. विसरणाऱ्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही.

येथे गाडीला लोकांनी दिलेले नाव अर्थपूर्ण ठरते, मग ते कोणत्याही कारणाने पडलेले असो. कालिदासाच्या नाटकातील शकुंतलेचे दुःख त्यागाहून निराळे आहे. दुष्यंत तिला ओळखून नाकारीत नाही. तो तिला ओळखतच नाही. भर दरबारात तिला स्वतःच्या असण्याचा पुरावा द्यावा लागतो आणि पुराव्याची अंगठी नेमकी पाण्यात हरवलेली असते. या फाट्यांवरच्या गावांची अवस्था काहीशी अशीच आहे. त्यांचा हक्क अद्याप कोणी नाकारलेला नाही. प्रत्येक निवेदनाच्या वेळी मात्र त्यांना आपली ओळख पहिल्यापासून सांगावी लागते.

बंद करण्याचा निर्णय हा कठोर असू शकतो, पण तो निर्णय असतो. बीचिंगच्या काळातील ब्रिटनमध्येही एखादे स्थानक बंद होण्यापूर्वी प्रवाशांना होणाऱ्या त्रासाविषयी तक्रारी ऐकण्यासाठी समित्या बसत आणि अखेरची संमती मंत्र्याला द्यावी लागे. समित्यांचे अधिकार तोकडे होते, पुष्कळ ठिकाणी त्यांचा उपयोग झाला नाही. तरी 'तुम्हांला काय त्रास होईल' हा प्रश्न विचारण्याचे एक ठिकाण होते आणि उत्तराखाली कोणाची तरी सही होती. भारतातही रूपांतराची उदाहरणे आहेत. बार्शीचा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. मध्य प्रदेशातील नैनपूर हे सातपुड्यातल्या अरुंद रुळांचे मोठे जंक्शन होते. २०१५ मध्ये गोंदिया-जबलपूर मार्गावरील तेथील छोटी गाडी थांबली, लोकांनी काही वर्षे अडचण सोसली, आणि नंतर रुंद रुळांवरून गाड्या जाऊ लागल्या. जुन्या मार्गाची आठवण संग्रहालयात गेली, प्रवास चालू राहिला. ज्याची जागा जेथे असावी तेथे त्याला ती मिळाली.

मूर्तिजापूरला यांपैकी काहीच घडलेले नाही. मार्ग संपला असे म्हणावे, तर रूळ आणि जमीन यांचा दुसरा उपयोग करण्यास कोणी मोकळे नाही. चालू आहे म्हणावे, तर गाडी नाही. अनिर्णय ही तटस्थ अवस्था आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. निर्णय घेतला नाही म्हणजे कोणाचे नुकसान केले नाही, असे अधिकाराच्या खुर्चीला वाटते. वास्तविक अनिर्णय हाही निर्णयच असतो; फरक इतकाच, की त्याची जबाबदारी कोणाच्या नावावर पडत नाही आणि त्याची किंमत मात्र ठराविक लोकांकडून वसूल होते. ज्याच्याजवळ साधने आहेत तो अनिश्चिततेतही मार्ग काढतो: मोटार घेतो, मुलाला शहरात ठेवतो, दुकान हलवतो. ज्याच्याजवळ ती नाहीत तो थांबतो. त्याचे थांबणे हा संयम नसतो, ती त्याच्यावर लादलेली गोष्ट असते. पण दुरून पाहणाऱ्याला ती संयमासारखी दिसते आणि म्हणून तिची लाज वाटत नाही.

काळ मात्र थांबलेला नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग आकाराला येत आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. यवतमाळला उद्या मोठी गाडी मिळेल ती वर्ध्याच्या बाजूने, मूर्तिजापूरच्या नव्हे. तसे झाल्यास यवतमाळच्या माणसाचे भलेच होईल, आणि त्याबद्दल खंत करणे योग्य नाही. पण दारव्हा, कारंजा यांच्या दरम्यानच्या लहान थांब्यांचे काय, अंजनगावच्या बाजूचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. टोकाच्या शहराला दुसरी वाट सापडू शकते; मधल्या खेड्याला ती सापडत नाही. रेल्वेच्या नकाशावर टोके ठळक अक्षरांत छापतात. फाट्याचे प्राण मात्र मधल्या थांब्यांत असतात.

राजा मिलिंदाला भिक्षू नागसेनाने रथाचे उदाहरण दिले होते: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे, या सर्वांच्या परस्परसंबंधाला रथ हे नाव मिळते. जंक्शनाचेही तसेच आहे. फलाट म्हणजे जंक्शन नव्हे, पाटी म्हणजे नव्हे, गंजलेले रूळ म्हणजे तर नव्हेच. मोठ्या वाटेवरचा माणूस आणि लहान वाटेवरचा माणूस यांची गाठ पडण्याची जी खात्री, तिला ते नाव आहे. ती खात्री उरली नाही तर पाटीवरचे अक्षर खोटे ठरते. ती दुसऱ्या एखाद्या रूपात, रुंद रुळाच्या किंवा वेळेवर सुटणाऱ्या साध्या बसच्याही रूपात, परत दिली गेली, तर रूळ उखडले गेले तरी जंक्शन टिकले असे म्हणता येईल.

याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, मामाच्या घरी, गाडगेबाबांचे बालपण गेले. पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांनी स्वतःसाठी मठ बांधला नाही, मंदिर बांधले नाही. ज्याला वाटेत थांबावे लागते त्याच्या डोक्यावर छप्पर असावे, एवढे पाहिले. वाटसरूचे थांबणे ही समाजाची जबाबदारी आहे, हा त्या धर्मशाळांचा अर्थ होता. जो थांबला आहे त्याला किती वेळ थांबायचे आहे, हे सांगणे हा त्या जबाबदारीचा सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त भाग होय. त्याला रूळ लागत नाहीत, पूल लागत नाहीत, निधी लागत नाही. फक्त एक स्पष्ट उत्तर लागते, आणि त्या उत्तराखाली एक सही.

जंक्शनावर एक जुना शिरस्ता असे. मोठ्या मार्गावरची गाडी उशिरा आली, तर फाट्याची गाडी तिच्यासाठी खोळंबून राही, कारण तिचे प्रवासी त्या गाडीतून येणार असत. लहान गाडीसाठी मोठी गाडी खोळंबल्याचे प्रसंग विरळा. मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीने अशा रीतीने कितीतरी दशके मोठ्या गाड्यांची वाट पाहिली, आणि उतरलेल्या शेवटच्या माणसाला घेऊनच ती हलली. तो खोळंबा कोणत्याही खात्यात जमा झालेला नाही. पण देणे हिशेबात मांडले नाही म्हणून ते फिटत नाही.